मेहकरच्या उतारावरची गाडी

गाडीच्या चाकाला लावतात त्या वंगणाचा वास आला, की मेहकरजवळचा तो मुक्काम आठवतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. सासूबाईंचा पाय मोडला होता आणि आम्ही त्यांना छपराच्या बैलगाडीतून खामगावच्या दवाखान्यात नेत होतो. दिवस कलताना बैल सोडले, जुवाखाली टेका दिला. पण जमीन उताराची, गाडी एका अंगाला झुकली. सासूबाई घसरल्या आणि कळवळल्या. त्यांना खाली चटईवर घेऊन सासरे खालचं चाक दगडावर चढवू लागले, ते पुन्हापुन्हा निसटे. मी नवी सून, तरी राहवेना. “मामाजी, वरच्या चाकापुढं खड्डा करा ना, चाक त्यात उतरवू, म्हणजे गाडी सपाट होईल.” “अन् सकाळी चाक कोन काढन?” “मी लावीन खांदा!” ते हसले, पण कुदळ उचलली. चाक खड्ड्यात उतरवल्यावर मी गाडीत पाण्यानं भरलेली थाळी ठेवली. पाणी एका काठाला जाई. “अजून दोन बोटं खोल करा,” मी म्हणाले. मग पाणी चारी बाजूंनी सारखं झालं! चाकांना दगड लावले, सासूबाईंना वर निजवलं. “बाजेवर निजल्यावानी वाटून राह्यलं,” त्या म्हणाल्या. पुढच्या मुक्कामाला इतर गाडीवान मदतीला धावले, तर सासरे ओरडले, “थांबा बे, आधी आमच्या सूनबाईले पाहू द्या!” आता वयानं कंबर वाकली आहे, पण ते शब्द आठवले की मी अजून ताठ बसते.