तानुबाईचं लुगडं नेसलेलं बुजगावणं

कापसाच्या भावानं सारं वऱ्हाड पिसाळलं, तेव्हा पूर्णेच्या वाळूतल्या डांगरवाड्या, खरबुजांचे मळे, सोडून माळी कापसामागे गेले. एकटा नत्थुजी राहिला. त्याची बायको तानुबाई आदल्या सालीच वारली होती. तिचं लुगडं त्यानं बुजगावण्याला नेसवलं, आणि वेलांना पाणी घालता घालता तो त्याच्याशी बोलू लागला.

चैतात काळ्या डोक्याच्या पांढऱ्या पाखरांनी वाडीतल्या वाळूत अंडी घातली. नर डोहात सूर मारून मादीसाठी मासा आणायचा. मादी पोट भिजवून अंडी गार ठेवायची. कावळे टपलेले पाहून नत्थुजीनं बुजगावणं अंड्यांजवळ रोवलं. कावळे पळाले, पण पाखरंही खाली उतरेनात. ऊन चढलं तशी वाळू तापू लागली.

कापसाची गाडी नदीतून नेणारा शालिकराम थांबला.

"नत्थुजी, मुंबईले गेलतो तवा समुद्रावर असेच पाखरं पायले मी. खाऱ्या पान्यातून मासे काढत, पन मानूस दिसला का भेत. तुही बाई तं अंड्याइच्या उरावर उभी हाये."

"तिले काढलं तं मी बोलू कोनासंग?"

"मायासंग बोल. पन मी तं चाललो," म्हणत शालिकरामनं बैल हाकलले.

नत्थुजीनं बुजगावणं उपटलं, लुगड्याची घडी करून खोपीत ठेवली आणि लांब जाऊन बसला. बराच वेळ मादी घिरट्या घालत राहिली. मग डोहात पोट बुडवून ती आली आणि ओलीचिंब अंड्यांवर बसली.

"आली, पाय वं," नत्थुजी सवयीनं बोलून गेला. शेजारी कोणीच नव्हतं.