बाईच्या शिवेतलं पाणी

बहिरमच्या जत्रेला जाताना गाडी कुठे कुठे सोडायची, हे त्या वर्षी मी ठरवलं. एरवी आमच्या घरात पोरीसोरींना असलं काही कोणी विचारत नसे. पण उन्हाळ्यात माझं लग्न करायचं घाटत होतं, आणि उद्या परक्याच्या घरी जाणारीचे चार दिवस लाड करायची रीतच होती. बाबा म्हणाले, "घे, यंदा तुया मनानं होऊ दे." मग काय, वारं प्यालेल्या वासरासारखी मी उधळले.

आमचं गाव अकोल्याजवळचं. तिथून पूर्णा ओलांडून अकोट, अकोटाहून अंजनगाव सुर्जी, पुढे परतवाडा आणि मग सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरम. एवढी सगळी वाट बैलांच्या दमणीतून जायची. वर तट्ट्याचं छत, खाली कडब्यावर गोधड्या. बाबांचं म्हणणं साधं होतं, बैलांना पाणी आणि माणसांना सावली असली की ती जागा चांगली. मला मात्र पाहण्यासारखं काहीतरी हवं होतं. चौथीपर्यंत शिकले होते, पण गावाच्या ओढ्यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. काका दरसाल जत्रेला जात. त्यांना मी रोज भंडावून सोडलं. पूर्णेवर सूर्य कुठून उगवतो, डोंगर पहिल्यांदा कुठून दिसतो, पाणी कुठे खळखळतं.

"अवं पोरी, नदी म्हंजे नदी," काका वैतागून म्हणत. "त्यात पाहाचं काय?"

पण सांगत. आणि मी जागा निवडत गेले. पूर्णेच्या काठी पहाटेचा मुक्काम. अकोटाच्या पुढे एक चढ होता, तिथून सातपुडा आडवा पसरलेला दिसे म्हणे, तर तिथे न्याहारी. आणि दुपारची गाडी शहानूर नदीच्या काठी, मोठ्या खडकांच्या डोहापाशी सोडायची.

या तिसऱ्या जागेवरून घरात बोलणं झालं. कारण मायनं सगळ्या प्रवासात एकच गोष्ट मागितली होती, ती म्हणजे बाईची भेट.

मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणत असू. दोन वर्षांपूर्वी तिला त्या नदीपलीकडच्या गावी दिली होती. आमच्याकडे बांगड्या भरायला येणारी कासारीण त्या गावातही फिरायची. मागल्या खेपेला मायचा हात दाबताना ती सहज बोलल्यासारखी म्हणाली, "तुया पोरीच्या बांगड्या लई फुटतेत वं. दर खेपेले भराव्या लागते." त्या दिवसापासून मायला बाईला एकटीला गाठून विचारायचं होतं, की पोरी, खरं सांग, तुला सुख आहे का? सासरच्या घरात, सासूच्या देखत हे विचारता येत नाही. विचारलं तरी उत्तर मिळत नाही. म्हणून अंजनगावच्या बाजारी जाणाऱ्या एका ओळखीच्या म्हातारीबरोबर निरोप धाडायचा ठरला, की आम्ही वाटेवर गाडी सोडू, लेकीला घटकाभर भेटीला पाठवा.

गाडी सोडायची ती मात्र शिवेच्या बाहेर. लेकीला मूल झाल्याशिवाय बापानं तिच्या गावचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत, आणि बाबा रीतीचे पक्के. घरचंच नव्हे, त्या गावच्या हद्दीतलं कुठलंच पाणी त्यांना चालत नसे. शिवेच्या अलीकडे एक वड होता, जवळच दुसऱ्या गावाची विहीर. बाबांनी तीच जागा धरली होती. मी तोंड वाकडं केलं. वड काय आमच्या गावात नव्हते?

बाबांनी काकांना विचारलं, "थो डोह पोरीच्या शिवेत तं नाई?"

"नाई. नदीच शीव हाये. अल्याडचा काठ दुसऱ्या गावचा," काका म्हणाले.

निरोप डोहाचा गेला.

जागा होतीच तशी. काळे खडक, त्यांच्यामधून वाहणारं हिरवं पाणी, आणि एका फांदीवर खंड्या बसलेला. मी उडी मारून उतरले. दमणीत सुरई होती, त्यात आदल्या गावच्या विहिरीचं पाणी. वाटेत उन्हानं ते कोमट झालं होतं. मी ते वाळूत ओतून दिलं आणि डोहाचं गार पाणी भरून आणलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. बाबांना गार पाणी मिळेल म्हणून मीच शहाणपणा केला. काका बैलांना चारायला दूर घेऊन गेले. मायनं शिदोरी सोडली. बाबांनी भाकरीवर ठेचा घेऊन पहिला घास खाल्ला आणि पेल्याला हात घातला.

तेवढ्यात एक मेंढपाळ म्हातारा पाण्यावर आला. कुठले, कुठं चालले, असं बोलणं झालं. बाबांनी त्या वडाच्या गावाचं नाव घेऊन विचारलं, हा काठ त्यांचाच ना? म्हातारा हसला. मागे खडकात रोवलेला एक दगड दाखवून म्हणाला, "थो पाहा पैमाशीचा दगड. साहेबानं मोजणीत शीव अल्याड सरकवली, बाप्पा. डोह पल्याडच्या गावचा झाला."

पल्याडचं गाव म्हणजे बाईचं.

बाबांनी पेला खाली ठेवला. मायनं सुरईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आदलं पाणी उरलं नाही, अशी मी मान हलवली. ठेच्यानं बाबांना ठसका लागला होता. डोळ्यांत पाणी, तोंड लाल, आणि समोर डोह भरलेला. पण ते पाण्याला शिवले नाहीत. दोन शिव्या दिल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते.

बाई आली ती या वेळी. तिच्या मागे तिची लहान नणंद होती, सासूनं सोबत म्हणून दिलेली. बाई वाळली होती. तिनं मायच्या पायाला हात लावला, बाबांकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. तिनं सुरई उपडी केली आणि उचलली.

"कुठी चालली?" मायनं विचारलं.

"वडापाशी. थ्या इहिरीचं बाबाले चालते."

"बस तू. मी जातो." माय उठू लागली. पण गाडीत मुडपून बसून तिचा पाय सुजला होता. बाईनं तिला खांदा धरून बसवलं. मी म्हणाले, "बाई, मी जातो."

"तुले थे इहीर सापडाची नाई. तू नदी पाय. तुयासाठीच तं थांबले सारे."

ती टोमणा मारत नव्हती. लहानपणी माझ्या वाट्याची कामं ती अशीच उचलत असे. नणंद तिच्या मागे चालू लागली. मी मागे गेले नाही. जायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी खडकावर बसले आणि बाईनं सांगितलं म्हणून नदी पाहत राहिले. खंड्यानं सूर मारून मासा उचलला, तेव्हा मला आनंदही झाला. आज सांगताना जीभ जड होते, पण झाला.

वड बराच मागे राहिला होता. माय वाटेकडे तोंड करून बसली होती, हातात बाईसाठी आणलेली खणाची घडी. काका बैल घेऊन परतले. सावल्या लांबल्या तेव्हा कुठे बाई दिसली, काखेत सुरई, पदर घामानं चिकटलेला. तिनं धार धरली आणि बाबा ओंजळीनं प्याले. पोटभर प्याले. पाणी पिताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

नणंद म्हणाली, "वैनी, आमच्या मायनं दिवस कलाच्या आत बलावलं."

मायनं खण बाईच्या हातात दिला. नणंद अगदी बाजूला उभी, डोळे टवकारून. माय म्हणाली, "बरी हायेस ना, पोरी?" आणि बाई म्हणाली, "हो, बरी हावो." नणंदेच्या देखत दुसरं काय म्हणणार? त्या गेल्या. बाईनं वळून एकदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी परतवाड्याच्या पुढे सातपुडा अगदी जवळ आला, निळा, घड्या पडलेला. मी सवयीनं म्हणून गेले, "माय, डोंगर पाय ना!" "पाह्यला," माय म्हणाली. तिचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला होतं. जत्रेत तिनं रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली, सगळ्यांना वाढलं. स्वतः किती खाल्लं ते मी पाहिलं नाही.

उन्हाळ्यात माझं लग्न झालं. हळदीच्या दिवशी बाई आली. तिची सासू मांडवात बायकांच्या घोळक्यात बसली होती, आणि आत फक्त आम्ही तिघी, मी पाटावर, बाई माझ्या हाताला हळद लावत, माय हळद कालवत. मायनं दार लोटून घेतलं आणि इतके महिने गिळलेला प्रश्न विचारला.

"पोरी, खरं सांग. सुख हाये का तुले?"

बाईचा हात थांबला नाही. "थ्या दिवशी सांगाच्यासाठीच आली होती मी नदीवर," ती म्हणाली. "मनात सारं जमवून आणलं होतं. आता कायले इचारतं, माय? आता सवय झाली."

मायनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.