अजून जन्म व्हायचा आहे

माझी आत्या कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात शोकेस सजवायची. एकतीस वर्षं. रस्त्यानं जाणाऱ्यांना पुतळ्यांच्या अंगावरचे झकपक कपडे दिसायचे. ते तसे बसावेत म्हणून पाठीमागे किती टाचण्या लागतात, ते आमच्या घराला माहीत. तिच्या ओठांत कायम चार टाचण्या असायच्या. तरी ती बोलायची, आणि बोलायची म्हणजे चांगलं टोचून बोलायची.

शोकेसमध्ये शिरायला मागच्या बाजूनं एक बुटकं दार होतं. चपला बाहेर काढून, अंग चोरून आत जायचं. आतल्या माणसाला एकच गोष्ट कधी कळत नाही, ती म्हणजे बाहेरून कसं दिसतंय. जाड काचेतून आवाजही जात नाही. म्हणून फुटपाथवर कोणीतरी उभं लागतं, हातानं खुणा करायला. डावीकडे, जरा मागे, बस, पुरे. हे काम मी दहा वर्षांची असल्यापासून माझ्याकडे होतं. आता मी शाळेत शिकवते, पोरं मला टरकून असतात. पण नाताळ जवळ आला की मी त्या फुटपाथवर उभी राहून येड्यासारखे हात हलवायची.

एवढ्या नाताळांत आत्यानं काय काय केलं! कापसाचा बर्फ, चकचकीत कागदात बांधलेल्या रिकाम्या खोक्यांचे डोंगर, दोरीवरून घसरत येणारा लाल टोपीचा म्हातारा. ज्याचा वाढदिवस, त्याचा तेवढा पत्ता नाही. "वऱ्हाड जेवून ढेकर देतंय, आणि नवरदेव कुठाय हे कुणी विचारायला तयार नाही," असं म्हणत ती पुढच्या खोक्याला फीत बांधायची. पोटासाठी करत होती, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पण डिसेंबरातल्या रविवारी चर्चमधून परतताना ती मुद्दाम रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथनं जायची. स्वतःच्या हातचं काम तिला बघवायचं नाही. मला ते फार लागायचं.

गेल्या वर्षी डिसेंबरअखेर ती निवृत्त होणार होती. धाकट्या मालकांकडे तिनं एकच मागणं मागितलं: शेवटची शोकेस माझ्या मनासारखी करू द्या. त्यांना तिनं शाळेच्या दप्तरासकट पाहिलेलं. ते तिला मावशी म्हणायचे. लगेच हो म्हणाले.

आत्यानं सगळं काढून टाकलं, दिव्यांच्या माळासुद्धा. एक पुतळा योसेफ झाला, एक मरीया. अंगावर गोदामातलं जाडंभरडं कापड. मध्ये फळ्या ठोकून केलेली गव्हाणी आणि तिच्यात पेंढा. बाळ नाही. आमच्या घरीही असंच असतं. नाताळची सकाळ होईपर्यंत गव्हाणी रिकामी ठेवायची आणि वाट बघायची.

दुसऱ्या दिवशी दुकानात एकच गोंधळ. धाकट्या मालकांना वाटलं, बाळ चोरीला गेलं! त्यांनी पहारेकऱ्याला फैलावर घेतलं, आणि आत्या यायच्या आत खेळण्यांच्या विभागातली डोळे मिचकावणारी बाहुली गव्हाणीत ठेवून मोकळे झाले. बाहुलीला नव्यानं आलेलं झबलं-टोपडं, आणि टोपड्याला किमतीची चिठ्ठी.

आत्यानं बाहुली काखोटीला मारली आणि थेट त्यांच्या टेबलावर नेऊन बसवली.

"अहो मावशी, रिकामी गव्हाणी कोण बघणार?"

"वाट बघणारे बघतील."

"लोकांना वाटेल, काम अर्धवट राहिलंय."

"आहेच अर्धवट. तिला अजून कळासुद्धा सुरू नाहीत, आणि तुम्ही पाळणा हलवून मोकळे!"

ते चिडले. "रविवारपर्यंत बाळ ठेवा, नाहीतर मी बाहेरच्या माणसांना बोलावतो. त्यांच्याकडे हलता म्हातारा तयार आहे."

मला असा संताप आला की काय सांगू! आत्या मात्र ढिम्म. तिनं एका पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘अजून जन्म व्हायचा आहे’, आणि पुठ्ठा गव्हाणीला टेकवून ठेवला.

रविवार आला तोवर काचेवर नाकांचे ठसे उमटले होते. लोक थांबत होते. एक आजीबाई रोज आत येऊन विचारायच्या, "झाला का हो?" एक पोटुशी बाई पिशव्या खाली ठेवून कितीतरी वेळ मरीयेकडे बघत राहिली. गर्दी पाहून धाकटे मालक विरघळले, आणि मग त्यांना दुसरीच अक्कल सुचली. त्यांनी एक लांबलचक पट्टी छापून आणली: ‘तोवर सर्व कपड्यांवर सूट!’

या वेळी मीच तोंड सोडलं. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आत्यानं मला हातानंच गप्प केलं.

"मालक, ते बाळ गिऱ्हाईक गोळा करायला येत नाहीये. पट्टी गुंडाळा. मी पंचवीसच्या सकाळी बाळ ठेवणार, किल्ली घेऊन या."

"पंचवीसला दुकान बंद! चोवीसला संध्याकाळी ठेवा, मी बँड बोलावतो."

"बंद आहे म्हणूनच. त्या दिवशी तुमच्याकडे विकायला काही नसतं."

पट्टी टेबलाखाली गेली, एवढं मी पाहिलं.

नाताळच्या सकाळी उपासना संपवून आम्ही दोघी बंद शटरसमोर उभ्या राहिलो. आत्याच्या रुमालात आजोबांनी लाकडात कोरलेलं बाळ होतं, एका पायाची बोटं झिजलेली. किल्ली आली नाही तर एकतीस वर्षांतली तिची एकुलती एक खरी शोकेस तशीच अर्धी राहणार होती. "नाही यायचे ते," मी म्हणाले. "येतील गं," आत्या म्हणाली.

आले. दाढी वाढलेली, पायात घरातल्या सपाता. त्यांनी शटर उघडलं. मी सवयीनं फुटपाथकडे वळले, तर आत्यानं मला आत ओढलं. "तू पेंढा धर. बाहेर ते उभे राहतील."

त्या काचेसमोर गिऱ्हाइकाच्या जागी ते बहुधा पहिल्यांदाच उभे होते. त्यांनी हात हलवला: डावीकडे. आत्यानं बाळ सरकवलं. जरा मागे. तिनं मागे घेतलं. मग त्यांचा हात वर उठला तो तिथेच थांबला आणि हळूच खाली आला. चर्चमधून येणारी माणसं त्यांच्यामागे एकेक करत थांबली.

आत्या बाळापाशी गुडघ्यांवर होती. ओठांतल्या टाचण्या काढून तिनं विचारलं, "काही सांगतायत का?"

"नाही. नुसते बघतायत."

"मग झालं," ती म्हणाली आणि तिनं पुठ्ठा उचलला.

त्या दिवशी घरी जाताना आत्यानं रस्ता ओलांडला नाही.