नाक आलं वर्गात
द्राक्षबागेतल्या गंधकाचा वास आला की मला निफाडकडची ती पत्र्याची शाळा आठवते. माझी नोकरी तेव्हा तात्पुरती होती. ती ठेवायची की घालवायची, हे तपासणीला आलेल्या साहेबांच्या हातात होतं. साहेबांचं नाक एवढं, की त्याच्या सावलीत बैलजोडी बसली असती. ते शेजारच्या वर्गात होते, तोवर माझी पोरं विरळणी करत होती. घडातले जादा मणी काढतात तसे वाक्यातले जादा शब्द काढून कविता करायची, हा आमचा खेळ. ‘लांबलचक नाकाचे साहेब हळूहळू वर्गात येत आहेत’ हे वाक्य छाटून आणि यमकापुरते दोन शब्द जोडून त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘नाक आलं वर्गात, साहेब अजून दारात’. मी वळून बघतो तर साहेब खरंच दारात. मी डस्टर शोधू लागलो, तेवढ्यात एक पोरगी उठून म्हणाली, “साहेब, ह्यातला ‘अजून’ जादा हाय का? काढू?” साहेबांनी ओळ पुटपुटत बोटांवर ठेका धरला. “राहू दे गं,” ते म्हणाले, “त्यानंच तर नाक लांब झालंय.” माझा सुटलेला श्वास सिन्नरपर्यंत ऐकू गेला असेल. नोकरी पक्की झाली, यथावकाश संपलीसुद्धा; पण आजही लिहिलेला शब्द खोडण्याआधी मी एकदा दाराकडे बघतो.