श्रावणातला पंप

१२ जानेवारी २००२ रोजी आम्ही रत्नागिरीच्या वकिलांना पहिल्या हप्त्याचे दहा हजार रुपये दिले. तिथे मी, माझा धाकटा भाऊ आणि शेजारचे आगरवाले, म्हणजे सुपारीच्या बागेचे मालक, होते. भावजयीने भावावर मारहाणीची केस केली होती आणि शेजारी आमचे साक्षीदार होते.

हे आगरवाले खोटं बोलत नसत. सुपारीचं गिऱ्हाईक आलं की किडकी सुपारी आधी दाखवत. प्रत्येक वाक्याची सुरुवात "बघा हं" अशी. आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक दगडी गडगा. आमच्याकडे आवाज चढला की त्यांच्या विहिरीवरचा पंप सुरू होई.

हे कळल्यावर वकील खूश झाले. "एवढंच सांगा, पंप चालू होता, काही ऐकू आलं नाही."

ते खरंच होतं, आणि कोर्टात त्यांनी तसंच सांगितलं. मग भावजयीच्या वकिलांनी विचारलं, "ही मारहाण श्रावणातली. भर पावसात पोफळींना पाणी लावत होतात?"

आगरवाल्यांनी टोपी काढून हातात घेतली. "बघा हं, पाण्यासाठी नाही. ती पोर ओरडायची, ते ऐकवत नसे. म्हणून लावायचो."

मी मान खाली घातली. मी त्याच घरात, तिच्या खोलीला लागून झोपत होतो. माझ्याकडे तर पंपही नव्हता.

बाहेर आल्यावर मी त्यांना एसटीचं भाडं देऊ लागलो.

"माझं राहू द्या, भाऊ. तिचं काय ते बघा."

वकिलांच्या दुसऱ्या हप्त्याचे दहा हजार मी त्याच आठवड्यात भावजयीच्या माहेरी जाऊन तिच्या हातात दिले. मोजून घे म्हटलं. तिने मोजले नाहीत.