स्टुलावरची दुष्काळग्रस्त

"चढ स्टुलावर," सर म्हणाले.

मी चढले. स्टूल डुगडुगत होतं. सर हातात पट्टी घेऊन बाजूला झाले आणि मुलांना म्हणाले, "नीट बघा. दुष्काळग्रस्त असा दिसतो. डोळे बघा, ओठ बघा, टाचा बघा. दिसेल ते लिहा. निरीक्षणाला वेगळे गुण असतात."

मुलं बघायला लागली. लिहायला लागली. खोल गेलेले डोळे. विटलेलं पोलकं. कापडदुकानवाल्यांच्या मुलाने विचारलं, "सर, केसांचं लिहू? तेल नाहीये."

"लिही की. छान आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परकराचं भोक झाकू की टाचा लपवू? मी भोकावर हात धरला. सरांनी पट्टीने तो बाजूला केला.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष. सातवीच्या स्कॉलरशिपचे जादा तास. शाळा सुटल्यावर निवडक मुलांना सर थांबवून घ्यायचे. परीक्षेत निबंध असायचा आणि यंदा 'दुष्काळग्रस्ताचे मनोगत' येणार, असं सर छातीठोकपणे सांगायचे. सरांनी सांगायचं, आम्ही उतरवून घ्यायचं आणि पाठ करायचं, अशी पद्धत. माझी निवड झाली ती वर्गात पहिला नंबर होता म्हणून. मला स्टुलावर चढवायचं सरांना नंतर सुचलं.

आम्ही मंगळवेढ्याकडचे. बाप आधीच गेलेला. पाऊस गेला तशी शेतातली मजुरीही गेली. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची. ते काम थांबलं तेव्हा मला आणि धाकट्या भावाला घेऊन ती सोलापुरात आली. भवानी पेठेतल्या एका मागाच्या कारखान्यात कांड्यांवर सूत भरायला लागली. स्कॉलरशिप मिळाली तर मी आठवीत जाणार होते. नाही मिळाली तर आईशेजारी बसून कांड्या भरणार होते. तिसरी वाट नव्हती.

स्टुलावरून उतरल्यावर मीही निबंध लिहिला. मी लिहिलं, कामावर खायला गोड पिठाची सुकडी मिळायची. ती तिथंच खायची, घरी न्यायची नाही. सुट्टी झाली की मुकादम बायांना पदर झाडायला लावायचा. म्हणून माझी आई सुकडी गालात धरून आणायची. मुकादमाने काही विचारलं तर नुसती मान हलवायची. घरी आली की आधी भावाच्या तोंडात घालायची, मग माझ्या.

सरांनी वाचलं. "शी! उष्टं? परीक्षकाला किळस येईल. दुष्काळग्रस्त असं बोलत नाही."

लाल शाईने काट मारली. फळ्यावर शेवट लिहून दिला. 'हे उदार दात्यांनो, तुमचे उपकार आम्ही कसे फेडणार?' मी दाता कधी पाहिला नव्हता. मुकादम पाहिला होता.

तरी पाठ केलं. आठवी पाहिजे होती मला.

परीक्षेत तोच निबंध आला. मी भराभर लिहीत गेले. दात्यांपाशी आले आणि हात अडला. आई दिसायला लागली, मुकादमापुढे पदर झाडणारी, गाल फुगलेली. मी दात्यांना गाळलं. आईला लिहिलं.

निकाल लागला. माझं नाव नव्हतं. कापडदुकानवाल्यांच्या मुलाचं होतं. त्याने पेढे वाटले. सर मला म्हणाले, "घे, तुझाही हातभार आहे यात." मी पेढा खाल्ला. भूक होती.

मग सरांनी मला बाजूला घेतलं. सर देवमाणूस, असं सगळेच म्हणायचे. म्हणाले, "जूनमध्ये नवी मुलं येतील. एकदा येऊन अशीच उभी राहा. मी तुझ्या नादारीची शिफारस करतो, आठवीची फी माफ होईल. आणि हो, पोलकं जुनंच घालून ये."

घरी सांगितलं. आईचा चेहरा उजळला, तेच मला सहन झालं नाही.

"उभी ऱ्हा की," आई म्हणाली. "उभं ऱ्हायला काय जातंय? मी न्हाय का ऱ्हायले मुकादमापुढं? कुणासाठी ऱ्हायले?"

"मला न्हाय जमायचं."

"मग काय माझ्यासारखी सूत भरत मरतीस व्हय?"

आई माझ्या पाया पडली. आईने लेकीच्या पायाला हात लावला. काळीज फाटलं माझं. मी "जाते" म्हणाले.

गेले. नवी मुलं वह्या-पेन्सिली सरसावून बसली होती. स्टूल मध्ये ठेवलेलं. सर म्हणाले, "चढ."

माझा पाय उचलेना.

"न्हाय चढनार, सर."

"काय म्हणालीस?"

"न्हाय चढनार. यांना बघायचं असंल तर आमच्या घरी येऊ द्या. आईला इचारू द्या. ती सांगंल."

सरांचा चेहरा लाल झाला. "उपकाराची जाण नाही तुम्हा लोकांना. जा. नादारी विसर आता."

दुसऱ्या दिवशी मी आईशेजारी जाऊन बसले. आई कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. मागाच्या खडखडाटात माझं रडणं कुणाला ऐकू जात नव्हतं, म्हणून मी पोटभर रडले. शाळा गेली ती गेलीच. कुणी म्हणतं, दहा मिनिटं उभी राहिली असतीस तर आज मास्तरीण असतीस. असते. पोटात अजून आग पडते त्या विचाराने.

पण त्या मुलांनी भूक म्हणजे फाटकं पोलकं एवढंच लिहिलं असतं, आणि त्यावर गुण मिळवले असते. माझी भूक दुसऱ्याच्या गुणांसाठी नाही. ती मी सांगेन, माझ्या तोंडाने, कुणाला किळस येवो की न येवो. मला सातवीपर्यंतचं लिहिता येतं. तेवढं पुरे.