उंबराची साल आणि सी अर्चिन

होळीच्या आदल्या दिवशी उदगीरला क्लासमध्ये मी समुद्र शिकवत होते... आणि घरी नळ कोरडा, टँकरचा पत्ता नाही. समोरच्या एकाही पोराने समुद्र पाहिलेला नाही. मी तरी कुठे मोठी लागून गेले, एकदाच पाहिलाय, तोही ओहोटीचा!

धडा सी अर्चिनचा. म्हणजे मुठीएवढा काटेरी चेंडू, तोंड खालच्या अंगाला आणि तोंडात पाच दात. हा राहतो केल्पच्या जंगलात. केल्प म्हणजे समुद्रातलं शेवाळच, पण आपल्या चिंचेपेक्षा उंच वाढणारं.

बरे दिवस असले की हा गडी खडकाच्या कपारीत गप्प बसून असतो. केल्पची तुटलेली पानं वाहत येतात, ती बारीक नळ्यांसारख्या पायांनी धरतो आणि खातो. उभ्या केल्पच्या वाटेला फारसा जातच नाही.

पानं यायची थांबली की मात्र कपार सोडतो. सगळेच सोडतात. घोळक्याने निघतात आणि केल्पला बुडाशी कुरतडतात... वरचं सगळं सुटून वाहून जातं, मागे उघडा खडक.

आणि एवढं करून हे मरत नाहीत बरं का. आतून पोकळ होतात, वर्षानुवर्षं उपाशी तसेच बसून राहतात. खडकावर नवा कोंब आला की तो खातात, म्हणून जंगल परत येत नाही. ते तिथून गेले तरच येतं.

एवढं शिकवून घरी आले, तर आमच्या कोपऱ्यावरच्या उंबराची साल गेलेली!

कॉलनीत मोठं म्हणावं असं हे एकच झाड उरलंय. "जिल्हा होणार, जिल्हा होणार" म्हणून रस्ता रुंद केला, तेव्हा बाकीची रांग गेली. जिल्हा अजून यायचाच आहे.

उंबर लावला शेवंताअव्वाने, इथे प्लॉट पडायच्या आधी. अव्वा कॉलनीच्या मागे पत्र्याच्या घरात एकटी राहते आणि शेळ्या राखते. रोज आकडीने थोडा पाला पाडायची, शेळ्या खाली उभ्या राहून खायच्या. इतकी वर्षं असंच चाललेलं.

यंदा पाणी नाही, झाड विरळ झालं. मग कॉलनीच्या ग्रुपला एकदम झाडांचं प्रेम आलं... फांदीला कुणी हात लावायचा नाही! मी लिहिलं, पाला बंद केलात तर शेळ्या खोडाला लागतील. त्यावर कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि विषय संपला.

शेळ्यांनी मागच्या पायांवर उभं राहून खोड चारी बाजूंनी सोललं होतं. हनुवट्या चिकाने पांढऱ्या झालेल्या. मग लगेच ग्रुपवर सुरू, शेळ्यांचा बंदोबस्त करा म्हणून.

अव्वा एवढंच म्हणाली, "चाऱ्याची छावनी मोठ्या जनावरांची हाय. बांधून ठिवू, पण घालू काय?"

खोडाची साल गोल निघाली की पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही. वर हिरवं दिसत राहतं आणि खाली मुळं उपाशी मरतात. हे मी दरवर्षी शिकवते, पोरं तोंडपाठ म्हणून दाखवतात.

अव्वा रोज सकाळी एक तांब्या पाणी आणून ओतायची. टँकरचं पाणी, तिच्या पिण्यातलं. मी म्हटलं, अव्वा, कशाला... तर म्हणाली, "माझ्याच लेकरांनी खाल्लंय की."

आणि मग चक्क कोंब आला! तोही सोललेल्या भागाच्या खाली, अगदी बुडाशी. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू... खालचा कोंब जगला तर मुळांना अन्न मिळणार होतं. मीच अव्वाला बाभळीचे काटे लावायला सांगितलं, तिने बोटं सोलून घेत लावलेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंब नाही. करडाने काट्यांतून तोंड घालून खाल्लेला, ओठाला रक्त लागलेलं. अव्वाने त्याला काठीने मारलं, आणि मग त्यालाच मांडीवर घेऊन रडत बसली. मला तिथे उभं राहवेना.

पुढच्या बाजाराला तिने सगळ्या शेळ्या विकल्या. करडूसुद्धा. खायला घालायला काही उरलंच नव्हतं.

काल संध्याकाळी बघते तर अव्वा तांब्या घेऊन उंबराखाली बसलेली. मला म्हणाली, "आता खानारं कुनी न्हाई, मास्तरीणबाई. आता फुटंल की?"

पुस्तकाप्रमाणे तिचं बरोबर होतं. खाणारे गेले, आता जंगल परत यायला हवं. पण मी वाकून बुडाशी नखाने खरवडलं होतं... चीक नाही, ओल नाही, आत नुसतं तपकिरी. मुळं गेली होती.

सांगायला तोंड उघडलं होतं मी, खरंच. पण तिच्या हातातल्या तांब्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हाव अव्वा, फुटंल." घरात जाऊन भांडी विसळलेलं पाणी आणलं आणि तिच्या पाण्यावर ओतलं.

अव्वा लगेच बाजूला सरकली, मला सावलीत जागा करून दिली. सावली कुठली... फांद्यांच्या रेघा होत्या जमिनीवर. तरी बसले मी.